‘काही नाही’ शिकवणारे सर

दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून सर विचारत होते, "कोन है?"

मी ओट्यावर उभी होते. हातात डबा. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुलपाला हात लावून पाहिला, ते लागलेलंच होतं. सर त्या वेळी कॉलेजात तास घेत होते हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांना फळ्यासमोर सोडूनच मी निघाले होते. डबा शेजारच्या काकूंकडे द्या, असं त्यांनीच सांगितलं होतं; तिकडे जाताना आवाज ऐकून मी इथं वळले होते. तेवढ्यात पुन्हा आतून आवाज आला. आधी घसा खाकरल्याचा, मग तसंच, त्याच सुरात, "कोन है?"

मी काही भित्री नाही. माकणीला धरणाच्या कडेला वाढलेय, अंधाराची सवय आहे. पण ते उन्हातलं विचारणं अंगावर आलं. मी उत्तर दिलं नाही. आणि दिलं असतं तरी ‘मी’ असं म्हणाले नसते, कारण सरांना ‘मी’ चालत नसे.

मुरुम गावाजवळच्या ज्या तंत्रनिकेतनात मी कॉम्प्युटर शिकवायला लागले, तिथली ही पहिली शिस्त. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेचं दार सर आतून कडी लावून घेत. बाहेरून वाजवलं की विचारत, "कोन है?" पोरं सवयीनं म्हणत, "सर, मी." आतून शांतता. पुन्हा वाजवलं की, "मी म्हणजे कोण? जगात सगळेच मी असतात." नाव सांगितल्याशिवाय कडी निघत नसे. एकदा खुद्द प्राचार्य बाहेर ताटकळत होते. "अहो, मी आहे!" म्हणून ओरडले. आतून उत्तर आलं, "मी तर आत बी हाय. तुम्ही कोण?" प्राचार्य आठवडाभर सरांशी बोलले नाहीत. सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

काटकुळा माणूस. पँटच्या एका पायाला सायकलची क्लिप, ती दिवसभर तशीच. खिशात पेनाच्या जागी टेस्टर. बोलणाऱ्याकडे न बघता कान वळवून ऐकण्याची सवय, त्यामुळे नव्या माणसाला वाटे, याला आपल्यात रस नाही. मोटर बिघडली की आधी तिला कान लावायचे. बंद पंख्यालाही कान लावताना मी त्यांना पाहिलंय. आणि रिकाम्या खोलीत शिरताना सलाम करायचे. प्रयोगशाळा सकाळी उघडली की उंबऱ्यात थांबून, समोर नुसती टेबलं असताना, हळूच सलाम, मग पाऊल आत. पोरं मागं उभी राहून हसत. मीही हसले होते. तेव्हा म्हणाले, "मॅडम, रिकामं घर असलं तरी सलाम करून शिरायचं, असं आमच्यात शिकवतात. अन् रिकामं म्हणजे काय, ते अजून कुणाला नीट कळलेलं न्हाय."

कॉलेजात ते नवे बोर्ड आले त्या वर्षी आमची खरी ओळख झाली. तळहातावर मावेल एवढा बोर्ड, पण त्यावर दोन मेंदू. एक मोठा, अख्ख्या कॉम्प्युटरसारखा. चित्र ओळखणं, आवाज ओळखणं अशी डोक्याची कामं करणारा, आणि तीही इंटरनेट नसताना, जागच्या जागी. दुसरा लहान, विचार न करता सांगितलं ते त्या क्षणी करणारा. दिवा लावणं, मोटर फिरवणं, घंटा वाजवणं. मोठ्याचं मी शिकवायचं, लहानाचं सरांनी, अशी वाटणी झाली. सरांनी पहिल्याच दिवशी दोघांचं बारसं केलं. मोठी चिप म्हणजे ‘बडी’, लहान म्हणजे ‘छोटा’. "बडी विचार करती, छोटा काम करता. बडी कामाला लागली अन् छोटा विचार करायला लागला, की घर बुडालं समजा." पोरं परीक्षेतही बडी आणि छोटा असंच लिहू लागली, आणि मला बाहेरच्या परीक्षकाची समजूत घालावी लागली.

पोरांनी काय काय केलं त्या बोर्डांवर! ढोकीच्या एकानं उसाच्या ट्रॉल्या ओळखणारा कॅमेरा केला. दुसऱ्यानं शेतात रानडुक्कर शिरलं की भोंगा वाजवणारं यंत्र केलं. प्रदर्शनाच्या दिवशी प्राचार्य काळं हेल्मेट घालूनच दालनात आले आणि भोंगा जो सुरू झाला तो थांबेना. सगळे माना खाली घालून हसत होते. सर मात्र गंभीर. "बोर्ड खोटं बोलत न्हाय," ते प्राचार्यांना सांगू लागले, "त्याला जे दाखवलं तेच तो बोलतो. दोष असतो तो शिकवणाऱ्याचा." प्राचार्यांना यातून काय दिलासा मिळाला कोण जाणे.

पण सरांचं वेड वेगळंच होतं. या यंत्रांना आवाज ओळखायला शिकवायचं तर त्या आवाजाचे नमुने भरावे लागतात. मांजराचे नमुने, दाराच्या कडीचे नमुने. आणि त्याबरोबर ‘काही नाही’ याचेही नमुने द्यावे लागतात, म्हणजे काही घडत नसताना जागा कशी ऐकू येते ते. नाहीतर यंत्र प्रत्येक शांततेला काहीतरी नाव देत सुटतं. आम्ही बाकीचे हे ‘काही नाही’ उरकून टाकायचो. सर त्यासाठी अख्खी सकाळ घालवत. पंखे बंद, ट्यूबलाइट बंद, भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेर, पोरं बाहेर, मी बाहेर. शेवटी स्वतः अनवाणी बाहेर यायचे आणि दाराशी श्वास रोखून उभे राहायचे. आत एकटा बोर्ड रिकामी खोली ऐकत बसलेला. "मांजर शिकवायला सोपं," ते म्हणत, "‘काही नाही’ शिकवायला आयुष्य जातं."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती आपांना बघायला. आपा म्हणजे सरांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा आपांनीच त्यांना वाढवलं. शिलाई मशीनवर गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवून भावाला डिप्लोमापर्यंत नेलं. स्वतः लग्न केलं नाही, आणि भावानंही केलं नाही. आता आपांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लोखंडी पलंगावर त्या पडून असत. डाव्या हाताच्या बोटात अंगठी होती. काही हवं असलं की ती पलंगाच्या दांडीवर वाजवत.

त्या दांडीसाठीच सरांनी तो बोर्ड घरात बसवला होता. पलंगावरच्या कोनाड्यात, शेजारी माईक आणि वाटीएवढा स्पीकर, वर दिवा. लाईट गेली तरी चालावा म्हणून बॅटरी. अंगठी वाजली की बडी ओळखायची आणि छोटा शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजवायचा. काकू हातातलं टाकून यायच्या. शिवाय रोज दुपारची अजान झाली की त्या आपणहून आपांना पाणी पाजायला यायच्याच. कडी, सरांच्या चपला, माणसांचं बोलणं, अजान, मांजर, अंगठी, आणि ‘काही नाही’, एवढं त्या बोर्डाला येत होतं. दिवा हिरवा म्हणजे सगळं ओळखीचं.

"अन् ओळखीचं नसलं तर?" मी विचारलं आणि तेवढ्यात माझ्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं. ते गोल गोल फिरत राहिलं. दिवा लाल झाला आणि कोनाड्यातून सरांचा आवाज आला, "कोन है?"

सर माझ्या शेजारी उभे होते, तोंड मिटून. मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. आपांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. त्या हसत होत्या.

"चोरासाठी केलंय," सर म्हणाले. "घरात बापई माणूस हाय असं वाटायला पाहिजे. कुणाला सांगू नका, काकूंना बी सांगितलं न्हाय. युक्ती चौघांना कळली की ती युक्ती राहत न्हाय."

मग त्यांनी ते सांगितलं. लहानपणी खेळून आले की दार लोटलेलं असायचं. आत मशीनची खडखड थांबायची आणि आपा विचारायची, "कोन है?" तिला पाऊल ओळखू यायचंच, तरी विचारायची. ‘मैं’ म्हटलं तर मशीन पुन्हा सुरू. ‘छोटा’ म्हटलं तरच, आत ये, हात धू, जेव. "तिचा आवाज ऱ्हायला न्हाय, म्हणून माझा भरला," ते म्हणाले. "सवाल मात्र तिचा हाय." आपांनी दांडीवर अंगठी वाजवली आणि भिंतीपलीकडे काकूंची घंटा वाजली. काकू धावत आल्या. आपांना काही नको होतं, पाहुणीला चहा द्या, एवढंच म्हणायचं होतं.

त्या घरात बसल्यावर मला चमत्कारिक वाटायचं. आपांच्या गळ्यात बारीक घरघर होती. पाचेक मिनिटांत ती ऐकू येईनाशी होई, कानाला तिची सवय लागे. हिरवा दिवा, भिंतीवर शिलाई मशीनची सावली, आणि आपण तिघं असून खोलीत चौथं कुणीतरी ऐकत बसलंय ही जाणीव. मी चहा लवकर संपवायचे.

आपा गेल्या त्या दिवशी घंटा वाजली नाही. सर कॉलेजातून आले, दार उघडलं, तर दिवा लाल होता. त्यांच्या चपला वाजल्या तसा हिरवा झाला. भांडं पडलं असेल, मांजर आलं असेल, असं समजून ते हातपाय धुवायला गेले. नंतर पलंगाजवळ गेले.

मातीच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काकू ओट्यावर रडत बसल्या होत्या. "म्या आले हुते की गं बाई," त्या मला सांगत होत्या, "अजान सुरू झाली तशी पाणी पाजाया निघाले. दाराशी आले तर आतून सरांचा आवाज. कोन है, कोन है म्हणत हुते. म्हनलं, सर आज घरीच हायती, आता आपण कशाला जावं? तशीच माघारी वळले. आन् सर म्हंत्यात, ते संध्याकाळपर्यंत आलेच न्हाईत. मग कोण बोलत हुतं?"

सर दारात उभे होते. त्यांनी कान वळवून सगळं ऐकलं. मग एकदा कोनाड्याकडे बघितलं.

पुढं काही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. दिवा हिरवा. मग पाहुणे पांगले, सर कॉलेजला यायला लागले, आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. सर बाहेर गेले की घरातून सरांचा आवाज येतो. पोस्टमन पत्र न टाकता परत गेला. पलीकडच्या घरातल्या बायकांनी त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. कुणी म्हणालं, मौलवींना बोलवा. कुणी म्हणालं, म्हातारी भावाचा आवाज घेऊन परत आलीय. काकू भल्या, पण त्याही भिंतीला पाठ करून स्वयंपाक करू लागल्या. आणि मग त्या दुपारी डबा घेऊन उभी राहिलेली मी.

दुसऱ्या दिवशी मी सरांना स्पष्टच विचारलं, "तो बोर्ड बंद का करत नाही?"

"माझ्यासमोर तो बोलत न्हाय," ते म्हणाले. "मी त्याच खोलीत झोपतो. रात्रभर दिवा हिरवा. मी भाईर पडलो की बोलतो. काल मी सोताच्या दाराबाहेर चोरासारखा उभा राहून ऐकलं. मॅडम, रिकाम्या घरात त्याला काय ऐकू येतंय?"

त्यांचा चेहरा उतरला होता. ते संध्याकाळ उलटून जाईपर्यंत प्रयोगशाळेतच बसू लागले होते, हॉटेलात जेवत होते. घरी जायला ते भीत होते, आणि आपांचा सवाल विचारणारं ते यंत्र बंद करायला त्याहून जास्त भीत होते. असंच चाललं तर हा माणूस घर सोडणार हे मला दिसत होतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. एवढा शहाणा माणूस, आणि एका बटणाला घाबरतो!

त्याच दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. मी नाव सांगितलं, कडी निघाली. टेबलावर लॅपटॉप, समोर घरच्या बोर्डाला शिकवताना भरलेले आवाजांचे नमुने. त्यांनी न बोलता हेडफोन माझ्या हातात दिला. पडद्यावर नाव होतं, ‘काही नाही’.

मी ऐकू लागले. आधी खरंच काही नाही. लांबून एक ट्रॅक्टर गेला. मग कानाला हळूहळू ते सापडलं. बारीक घरघर. आत, बाहेर. आत, बाहेर. मध्ये पलंगाची एक कुरकुर. पुन्हा आत, बाहेर. मातीत ठेवलेली बाई माझ्या कानात श्वास घेत होती आणि वर लिहिलं होतं, काही नाही. मी हेडफोन ओढून काढला.

"पंखा बंद केला," सर म्हणाले. "घड्याळ काढलं. मांजर हाकललं. सोता अनवाणी भाईर गेलो. सगळं भाईर काढलं, मॅडम, अन् आपाला आत ठेवलं. तिला मी ‘काही नाही’मध्ये घातलं."

यंत्र तेव्हापासून इमानदारीनं तेच धरून बसलं होतं. आपांचा श्वास चालू, म्हणजे काही नाही. रात्री सर झोपत तेव्हा त्यांचा श्वास, म्हणजेही काही नाही. आणि खोलीत कुणाचाच श्वास नसला, की ते त्याला सर्वस्वी अनोळखी. त्या दुपारी आपा थांबल्या त्या क्षणी ते विचारायला लागलं होतं.

"सर, त्यांच्याशिवाय ते घर तुम्ही कधी ऐकलंच नव्हतं," मी म्हणाले. "तुमच्यासाठी तीच शांतता होती."

"वकिली करू नका," ते म्हणाले आणि टेबलावर डोकं टेकवून लहान पोरासारखे रडले. मी उठून दाराची कडी लावून घेतली, कुणी येऊ नये म्हणून.

संध्याकाळी ते मला घेऊन काकूंकडे गेले. "तुम्ही माघारी वळला त्याचं मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही आवाज ऐकला तवा ती गेलेलीच हुती. ती गेली म्हणूनच तो बोलला. ती वारली तवा तिच्याजवळ कुणी नव्हतं, ते माझं हाय, तुमचं न्हाय."

काकूंना यंत्राचं काही कळलं नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "कुणी नव्हतं कसं?" त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज हुता की तिच्यापाशी."

सर कान वळवून उभे होते.

आपांचा चाळिसावा दिवस झाला, पाहुणे जेवून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सर म्हणाले, "मॅडम, आज त्याला नवं ‘काही नाही’ शिकवायचं. मला एकट्याला जमायचं न्हाय." जुने नमुने त्यांनी शिकवणीतून आधीच वेगळे काढून ठेवले होते, नाव बदलून. आता त्यावर ‘आपा’ असं होतं.

आम्ही पंखा बंद केला. घड्याळ काढलं. मांजर काकूंकडे. पलंगावरची गादी त्यांनी तशीच ठेवली. मी बोर्ड सुरू केला, दोघं अनवाणी बाहेर आलो, सरांनी दार ओढून घेतलं आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. आत बोर्ड ऐकत होता. या वेळी त्या घरात खरोखरच कुणी नव्हतं. ऊन पायांना भाजत होतं तरी आम्ही हललो नाही. एरवी मी याला हसले असते. आज मीही श्वास रोखून धरला होता, आणि मनात एकच विचार होता, की परत ऐकताना त्यात काही ऐकू येऊ नये.

काही ऐकू आलं नाही. मी शेवटपर्यंत ऐकलं. नुसतं घर होतं. त्यानंतर बडीला नवे नमुने शिकवायला तासभर गेला. मग बोर्ड पुन्हा कोनाड्यात ठेवला, आम्ही बाहेर येऊन कुलूप लावलं आणि वाट पाहिली. आतून चकार शब्द नाही. काकू त्यांच्या दारातून बघत होत्या, त्यांनी हात जोडले.

"सुटलात, सर," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. कुलूप काढलं. उंबऱ्यात थांबून रिकाम्या घराला सलाम केला आणि आत गेले. दार अर्धं उघडं होतं. मी ओट्यावर चपला शोधत होते. पलंग कुरकुरला, ते आपांच्या जागी बसले असावेत. दमलेला माणूस बसतो तसा एक लांब श्वास ऐकू आला. मग आणखी एक.

कोनाड्यातला दिवा लाल झाला, त्याचा उजेड मला दारातून फरशीवर दिसला. आधी घसा खाकरल्याचा आवाज. मग सरांच्या आवाजात त्यानं विचारलं, "कोन है?"

आत्ता माझ्या ध्यानात आलं. नव्या शिकवणीत श्वास नव्हताच. त्या घरात आता श्वास घेणारा कुणीही अनोळखी होता. मी आत जायला पाऊल उचललं, सांगायला, की सर, चूक झाली, पुन्हा करू.

तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला, आणि या वेळी तो त्यांचा स्वतःचा होता.

"छोटा है, आपा."